रोजच्या जेवणाबरोबरची परवडणारी इटालियन व्हाइट वाइन: लेबल वाचण्यापासून उरलेली बाटली टिकवण्यापर्यंत

इटलीत पाच ते नऊ युरोंना मिळणारी व्हाइट वाइन वर्ष-दोन वर्षांत, थंड करून, जेवणाबरोबर संपवण्यासाठीच केलेली असते. तिचा सगळा जीव ताजेपणात असतो. नवखा माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो. तो जुनं साल चांगलं समजून उचलतो, ओळखीचं नाव म्हणून पिनो ग्रीजोच घेतो, बाटली आठवडाभर स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवतो आणि मग म्हणतो, स्वस्तातली वाइन अशीच असते. तशी ती नसते. फक्त निवडायच्या आणि सांभाळायच्या काही गोष्टी माहीत हव्यात.

मिलान-तोरिनोला शिकणारे विद्यार्थी, लंडन-म्युनिकला राहणारी मंडळी, इटलीच्या सहलीला निघालेले लोक, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल असं हे मार्गदर्शन आहे. 'रोजची वाइन' म्हणजे खास प्रसंगाची नसलेली, साध्या जेवणाची वाइन. ती रोज प्यायलाच हवी असा त्याचा अर्थ नाही. १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनचा १२५ मिलिलीटरचा एक ग्लास म्हणजे सुमारे १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७५० मिलिलीटरच्या बाटलीत असे सहा ग्लास होतात, म्हणजे दोघांच्या जेवणाला अर्ध्या बाटलीहून कमी पुरते. बाकीची टिकवायची कशी ते पुढे येईल.

किती पैसे घालायचे

इटलीत साध्या वाइनवर उत्पादनशुल्क शून्य आहे. शिवाय गावोगावच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था सभासदांची द्राक्षं एकत्र करून मोठ्या प्रमाणावर वाइन करतात. साखर कारखाने आणि दूधसंघ बघत वाढलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. तिसरं कारण तांत्रिक आहे. तापमान राखणाऱ्या पोलादी टाक्या १९६० आणि ७० च्या दशकांपासून पसरत गेल्या. त्याआधी इटलीच्या उन्हाळी उकाड्यात व्हाइट वाइन पिंपातच पिवळट-तपकिरी पडायची. आता रस साधारण १४ ते १८ अंशांवर सावकाश आंबवतात, त्यामुळे फळाचा वास उडून जात नाही.

म्हणून इटलीतल्या सुपरमार्केटात ५ ते ९ युरो हा योग्य पट्टा धरा. ३ युरोंच्या खालच्या बाटलीत काच, बूच, लेबल, वाहतूक आणि दुकानाचा नफा वजा जाता वाइनसाठी फारसं काही उरत नाही. १० ते १४ युरोंत एक पायरी वरची वाइन मिळते. ती रविवारच्या जेवणाला ठेवा.

ब्रिटनमध्ये हिशोब वेगळा आहे. तिथे अल्कोहोलच्या प्रमाणानुसार शुल्क लागतं आणि साडेबारा टक्क्यांच्या बाटलीवर ते अडीच पौंडांहून जास्त होतं. वर २० टक्के व्हॅट. शुल्क बाटलीच्या किमतीवर ठरत नसल्यामुळे ६ पौंडांच्या बाटलीत प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला फार थोडे पैसे येतात. १० पौंडांच्या बाटलीत ते कितीतरी पटीनं जास्त येतात. तिथे दोन-तीन पौंड वाढवले की चवीतला फरक लगेच कळतो. इटलीत मात्र ६ वरून ९ युरोंवर गेल्यानं तेवढा फरक पडेलच असं नाही.

लेबल वाचायचं ते या क्रमानं

सगळ्यात आधी साल बघा. उत्तर गोलार्धात द्राक्षांची काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि साध्या व्हाइट वाइन पुढच्या वसंतात बाजारात येतात. म्हणजे २०२४ च्या काढणीची वाइन २०२५ च्या मार्च-एप्रिलपासून दिसू लागते. नियम सोपा आहे: बाजारात आलेलं सर्वांत नवं साल किंवा त्याच्या आधीचं एक. त्याहून जुनी साधी पिनो ग्रीजो, फ्रास्काती किंवा ओर्विएतो सवलतीत दिसली तरी घेऊ नका. दुकानदार ती संपवायला बघत असतो. सालच छापलेलं नसेल तर बाटली परत फडताळात ठेवा.

मग गाव किंवा प्रदेश. डीओसी म्हणजे ठरावीक भूभागातून, ठरावीक जातींच्या द्राक्षांपासून, नियमांनुसार केलेली वाइन. या व्यवस्थेचा कायदा १९६३ चा आहे, आणि १९६६ मध्ये पहिल्या डीओसीचा मान तोस्कानातल्या व्हेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो या व्हाइट वाइनला मिळाला. डीओसीजी ही वरची पायरी. तिच्या बाटलीवर मानेजवळ क्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी असते. आयजीटीत प्रदेश मोठा आणि नियम सैल. आयजीटी म्हणजे वाईट असं अजिबात नाही, फक्त तिथे उत्पादकाच्या नावावर जास्त विसंबावं लागतं. नुसतं 'विनो बिआंको' लिहिलेलं असेल तर ती स्वयंपाकाला घ्या.

डीओसीच्या नावापुढचा 'क्लासिको' हा शब्द खरा कामाचा आहे. मागणी वाढली तशा अनेक वाइनच्या हद्दी सपाट, जास्त पिकणाऱ्या जमिनीपर्यंत वाढवल्या गेल्या. क्लासिको म्हणजे मूळचा, जुना, बहुतेक ठिकाणी टेकड्यांवरचा भाग. सोआवे आणि सोआवे क्लासिको यांच्यात एक-दोन युरोंचा फरक असतो, आणि तो फरक जरूर मोजावा. 'सुपेरिओरे' म्हणजे थोडं जास्त पिकलेलं द्राक्ष आणि थोडं जास्त अल्कोहोल. 'रिझेर्वा' म्हणजे जास्त काळ मुरवलेली. रोजच्या जेवणाला रिझेर्वाची गरज नाही.

गोडीचे शब्दही बघून ठेवा: 'सेक्को' ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, 'आब्बोकातो' किंचित गोडसर, 'आमाबिले' त्याहून गोड, 'दोल्चे' पूर्ण गोड. काहीच लिहिलेलं नसेल तर ड्राय समजायला हरकत नाही. अपवाद प्रोसेक्को या बुडबुड्यांच्या वाइनचा. तिथे 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रुत'पेक्षा गोड असते. ब्रुतमध्ये लीटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसत्या 'ड्राय'मध्ये १७ ते ३२ ग्रॅम. यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी फसतो.

बाटली कोणी भरली ते मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतं. 'इंबोत्तिल्यातो आल्लोरीजिने' म्हणजे जिथे वाइन झाली तिथेच भरलेली. उत्पादकाच्या नावाऐवजी नुसता सांकेतिक क्रमांक असेल, तर ती बहुधा कुठून तरी टँकरनं आणून भरलेली असते.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा, दुधातलं केसीन किंवा माशाच्या हवापिशवीपासून काढलेला पदार्थ वापरला जाऊ शकतो. व्हाइट वाइनसाठी बेंटोनाइट नावाची माती सर्रास वापरतात आणि ती चालते, पण ते लेबलवरून कळेलच असं नाही. अंडं किंवा दूध यांचा अंश वाइनमध्ये उरला असेल तर युरोपात ते लिहावं लागतं, माशाच्या पदार्थाला मात्र ही सक्ती नाही. खात्री हवी असेल तर 'व्हेगन' चिन्ह बघा. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्यं देणं युरोपीय संघात बंधनकारक आहे. बहुतेक बाटल्यांवर त्यासाठी क्यूआर कोड असतो, तो फोननं उघडून बघता येतो.

कोणती नावं शोधायची

सुरुवात सोआवे क्लासिकोपासून करा. व्हेरोनाच्या पूर्वेला सोआवे आणि मोंतेफोर्ते दाल्पोने या गावांभोवतीच्या टेकड्यांवर ही होते. गार्गानेगा ही मुख्य जात, ती किमान ७० टक्के असावी लागते. इथले वेल परंपरेनं मांडवावर चढवलेले असतात. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ती बाग बघून परकं वाटणार नाही. जमीन बऱ्याच भागात ज्वालामुखीची, काळ्या बेसॉल्टची. चांगल्या सोआवेत पांढऱ्या फुलांचा, पिकलेल्या पेअरचा वास येतो आणि घोट गिळल्यावर बदामाच्या सालीचा हलका कडवटपणा मागे राहतो. तो कडवटपणा म्हणजे बिघाड नव्हे. इटलीच्या बऱ्याच व्हाइट वाइनमध्ये तो असतो, आणि तेलकट पदार्थांनंतर जीभ साफ करण्याचं काम तोच करतो. सोआवे एके काळी भरमसाट उत्पादनामुळे बदनाम झाली होती. त्या बदनामीमुळेच आजही चांगली क्लासिको तिच्या योग्यतेपेक्षा स्वस्त मिळते, हा तुमचा फायदा. पिएरोपान, इनामा, जिनी ही इथल्या नावाजलेल्या उत्पादकांची नावं. त्यांच्या बाटल्या थोड्या महाग पडतात, पण सोआवे काय असू शकते ते एकदा कळण्यासाठी घ्याव्यात.

एकच बाटली सुचवायची झाली तर आमचं मत व्हेर्दिक्किओला. मार्के प्रांतात आंकोनाच्या मागच्या टेकड्यांवर 'व्हेर्दिक्किओ देई कास्तेल्ली दी येझी' होते. १९५० च्या दशकापासून ती कमरेत बारीक, सुरईसारख्या हिरव्या बाटलीत विकली जाऊ लागली आणि सहलीला येणाऱ्यांची शोभेची वस्तू बनली. आता बहुतेक चांगले उत्पादक साधी बाटली वापरतात. 'क्लासिको सुपेरिओरे' लिहिलेली ७ ते १० युरोंची व्हेर्दिक्किओ म्हणजे भरपूर आंबटपणा, लिंबाची साल, बडीशेप, बदाम आणि थोडा खारटसर शेवट. आंबटपणा जास्त असल्यामुळे ती इतर साध्या व्हाइट वाइनपेक्षा जास्त टिकते. दोन-तीन वर्षांची बाटली मिळाली तरी निर्धास्त घ्या. मातेलिका नावाची तिची बहीण आणखी आत, डोंगरांच्या बंद दरीत पिकते. समुद्राची ऊब तिथे पोचत नाही, त्यामुळे ती जास्त धारदार लागते. गार्दा सरोवराकाठची लुगाना आवडणाऱ्यांनीही व्हेर्दिक्किओ करून बघावी, कारण लुगानाची तुर्बियाना ही जात जनुकीयदृष्ट्या व्हेर्दिक्किओच आहे.

व्हेर्मेंतीनो सार्डिनिया, लिगुरिया आणि तोस्कानाच्या किनाऱ्याला होते. बेटभर पिकणारी 'व्हेर्मेंतीनो दी सार्देन्या' स्वस्त. ईशान्येच्या ग्रॅनाइटच्या जमिनीतली 'व्हेर्मेंतीनो दी गाल्लुरा' १९९६ पासून डीओसीजी आहे आणि दोन-चार युरो महाग. समुद्राकाठच्या रानझुडपांचा वास, भरीव चव आणि अल्कोहोल अनेकदा १३ टक्क्यांच्या वर. म्हणून ही वाइन दुपारी रिकाम्या पोटी घेऊ नये.

दक्षिणेकडच्या दोन वाइन नक्की शोधा. कांपानियातली फालांगीना, त्यातही बेनेव्हेंतोच्या भागातली 'फालांगीना देल सान्न्यो', ६ ते ९ युरोंत मिळते. फळांचा वास मोकळा आणि आंबटपणा चांगला असल्यामुळे नवख्याला ती पहिल्याच घोटात आवडते. सिसिलीची ग्रील्लो ही पश्चिम सिसिलीतली जात पूर्वी मार्साला या जास्त अल्कोहोलच्या मुरवलेल्या वाइनसाठी लावत. आता तिची ड्राय, ताजी वाइन होते. संत्र्या-लिंबाची साल, किंचित मीठ. 'सिचिल्या डीओसी' असं लिहिलेलं बघून घ्या. ५-६ युरोंत इतकी चव देणारं दुसरं नाव सहज सापडणार नाही.

आता पिनो ग्रीजो. जगभर खपते ती हीच, आणि मोठ्या प्रमाणावर काढलेली साधी पिनो ग्रीजो बऱ्याचदा पाणचट निघते. याचं कारण जातीत नाही, एका वेलावर किती घड ठेवले त्यात आहे. घड जास्त की रस पातळ, हे द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. 'देल्ले व्हेनेत्सिए' ही २०१७ ची डीओसी व्हेनेतो, फ्रिउली आणि त्रेंतो एवढ्या पसाऱ्याला लागू आहे. त्याऐवजी लेबलवर फ्रिउली, त्रेंतीनो किंवा आल्तो आदिजे असं नेमकं नाव शोधा. दोन-तीन युरो जास्त जातील, पण त्या जातीला स्वतःची चव आहे हे कळेल.

बाकीच्यांपैकी त्रेब्बियानो दाब्रुत्सो आणि कुस्तोत्सा स्वस्त आणि सरळ. पेकोरीनो भरीव आणि आंबट, मार्के-आब्रुत्सोची. ओर्विएतो आणि फ्रास्काती रोमच्या आसपास ताज्या मिळाल्या तर छान, लांबून आलेल्या अनेकदा मलूल. 'गावी' नावाची वाइन चांगली असते, पण नावाचे पैसे जास्त मोजावे लागतात.

छोट्या खानावळीत 'व्हिनो देल्ला काझा' मागितली की पाव किंवा अर्धा लीटर जग येतो. स्वस्त, थंड, बहुधा त्याच भागातली. तिथे बिनधास्त तीच घ्या. काही दुकानांत 'स्फूझो', म्हणजे सुटी वाइन मिळते. आपली बाटली न्यायची आणि नळावरून भरून आणायची. भरताना हवा लागलेली असते, त्यामुळे ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. पाच लीटरचा कॅन एकदम आणू नका.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर

खिडकीत किंवा दिव्याखाली उभी असलेली पारदर्शक काचेची बाटली टाळा. प्रकाशानं वाइनमध्ये उकडलेल्या कोबीसारखा, ओल्या लोकरीसारखा वास तयार होतो. हिरवी-तपकिरी काच त्यापासून बरंच वाचवते. फडताळाच्या मागच्या रांगेतली घ्या. बूच मानेच्या कडेवर उचललेलं किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटली उन्हात तापलेली आहे, ठेवून द्या. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल हा गैरसमज आहे. वर्षभरात प्यायच्या व्हाइट वाइनला फिरकीचं झाकण बुचापेक्षा सरसच. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर ते टार्ट्रेट. गारठ्यात तयार होतात, निरुपद्रवी असतात.

थंड करणं

हलक्या व्हाइट वाइनला ८ ते १० अंश, व्हेर्दिक्किओ सुपेरिओरे, गाल्लुरा, कांपानियातली फिआनो अशा भरीव वाइनला १० ते १२, प्रोसेक्कोला ६ ते ८. साधारण २२ अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये दोन-अडीच तासांत पुरेशी गार होते. एप्रिलच्या पुण्यात किंवा नागपुरात तीन-चार तास धरा. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली बाटली सुमारे ४-५ अंशांवर असते. इतक्या गारव्यात वास दबतो आणि कडवटपणाच तेवढा वर येतो. ती १५-२० मिनिटं बाहेर ठेवून ओता. उकाड्यात तेवढंही थांबू नका, ग्लासातच ती तापते.

घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. १५ ते २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा काचेची उष्णता नीट ओढून घेत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर अर्ध्या तासाचा गजर लावा. विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच उडतं किंवा काच तडकते. प्रोसेक्को फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका.

उघडणं आणि ओतणं

दुहेरी टेकूचा, खिशात मावणारा कॉर्कस्क्रू घ्या. बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेशी आवरण गोल कापा आणि तोंड पुसून घ्या. टोक बुचाच्या मध्यावर टेकवून सरळ आत फिरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या. पूर्ण घुसवला तर बूच खालून फाटतं आणि त्याचे तुकडे वाइनमध्ये पडतात. पहिला टेकू लावून अर्धं बूच वर आणा, मग दुसरा. शेवटचं बोटभर बूच हातानं हलवत काढा. बूच मधेच तुटलं तर उरलेल्या भागात स्क्रू तिरका घालून सावकाश ओढा. आत पडलंच तर चहाच्या गाळणीतून ओता, वाइनचं काही बिघडत नाही.

प्रोसेक्कोची बाटली कोणाच्याही तोंडासमोर न धरता ४५ अंशांत तिरकी करा. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून उचलू नका. एका हातानं बूच घट्ट धरा आणि दुसऱ्यानं बाटली फिरवा.

ग्लास एक तृतीयांशच भरा. उरलेल्या जागेत वास जमतो, आणि थोडी थोडी ओतल्यामुळे बाटलीतली फ्रिजमध्ये गार राहते. ग्लासला भांड्याच्या साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना ते आधी हुंगून बघा. 'वाइन बिघडली' या तक्रारींपैकी काही तर ग्लासाच्याच असतात.

बिघडलेली वाइन ओळखणं

ओला पुठ्ठा, दमट तळघर, बुरशी असा वास आणि फळाचा पत्ताच नाही, तर दोष बुचाचा. ग्लासात वेळ गेला की हा वास वाढतो. हॉटेलात पहिला घोट ओतून दाखवतात तो याचसाठी. तेव्हा हुंगून स्पष्ट सांगा, बाटली बदलून मिळते. दुकानात बिल आणि उरलेली वाइन घेऊन जा.

रंग गडद सोनेरी-तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा असेल, तर हवा लागलेली किंवा फार जुनी वाइन. ही स्वयंपाकालाही घेऊ नका. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला तरी तोच निकाल. काडी ओढल्यासारखा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास मात्र लगेच नापास करू नका. हवा न लागता बंद राहिलेल्या वाइनला तो येतो. ग्लास दोन-तीन मिनिटं गोल फिरवा. गेला तर वाइन चांगली, नाही गेला तर परत करा. जिभेवर अगदी बारीक बुडबुडे जाणवले तर ते टाकीतून राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, ताजेपणाचं लक्षण.

जेवणाबरोबर

इटलीत त्या त्या भागाचं जेवण आणि वाइन एकमेकांना धरूनच वाढली आहेत. लिगुरियात पेस्तोबरोबर व्हेर्मेंतीनो, आंकोनाच्या माशांच्या ब्रोदेत्तोबरोबर व्हेर्दिक्किओ, व्हेनेतोत मटाराच्या भाताबरोबर सोआवे, नापोलीच्या मोझ्झारेल्लाबरोबर फालांगीना. काय घ्यावं कळत नसेल तर पदार्थाच्या प्रांताचीच वाइन मागा.

घरी मराठी स्वयंपाक होत असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली आंबट. कोकम, चिंच, लिंबू घातलेल्या पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असेल तर ती पाणचट लागते. म्हणून माशाच्या चिंचेच्या कालवणाला व्हेर्दिक्किओ, गुळमट पिनो ग्रीजो नको. दुसरी तिखट. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. तांबडा रस्सा किंवा झणझणीत सुक्याबरोबर साडेतेरा टक्क्यांची ड्राय वाइन त्रासदायकच होते. तिथे गार एक्स्ट्रा ड्राय प्रोसेक्को, किंवा सुमारे ५ टक्के अल्कोहोलची गोड मोस्कातो दास्ती चालते. तिसरी गोडी. श्रीखंड-पुरीबरोबर ड्राय वाइन नुसती आंबट लागेल. मोस्कातो नसेल तर वाइन जेवणाआधीच संपवा.

तळलेल्या पदार्थांशी मात्र या वाइनचं फार छान जमतं. रवा लावलेली सुरमई, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा, कशाबरोबरही व्हेर्दिक्किओ किंवा सोआवे क्लासिको घ्या. चटणी तेवढी बेतानं. नारळाच्या दुधातल्या सौम्य भाज्या आणि कालवणांना व्हेर्मेंतीनो किंवा फालांगीना जास्त शोभते, कारण पातळ वाइन नारळाखाली हरवते.

जेवणानंतर गाडी चालवायची असेल तर पिऊ नका. इटलीत रक्तातली मर्यादा लीटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं न झालेल्यांना किंवा २१ वर्षांखालील चालकांना शून्य. भारतात १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

उरलेली बाटली

जेवण होईपर्यंत उघडी ठेवून मग झाकण लावू नका, प्रत्येक वेळी ओतून झाल्यावर लगेच लावा. फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी केली की हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. साध्या व्हाइट वाइन दोन ते तीन दिवस चांगल्या राहतात. ३७५ मिलिलीटरची एक स्वच्छ, घट्ट झाकणाची बाटली घरी ठेवली असेल तर मोठी उघडल्याबरोबर अर्धी वाइन तीत काठोकाठ भरा. आत हवाच न उरल्यामुळे ती चार-पाच दिवस सहज टिकते. त्यापुढचा शिल्लक घोट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रिसोत्तोला किंवा मशरूम परतताना एकेक खडा घाला.

इटलीहून भारतात आणताना

भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लीटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलीटरच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन सामानात, प्रत्येकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. पाच युरोंची पिनो ग्रीजो वाहून आणण्यात अर्थ नाही. भारतात सहज न मिळणारी व्हेर्दिक्किओ सुपेरिओरे किंवा फिआनो दी आव्हेल्लीनो आणा, त्या प्रवास आणि उकाडा जास्त सोसतात. पोचल्यावर एक-दोन आठवडे स्थिरावू द्या, पण कपाटात नाही. मुंबईच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात कपाटातली व्हाइट वाइन काही आठवड्यांत थकते. सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, तिथे ती सहा महिने सुखानं राहते. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो आधीच काढून ठेवा.

आयातशुल्क आणि राज्याचे कर मिळून इथल्या दुकानात तीच सोआवे कितीतरी महाग पडते. त्या पैशांत नाशिकची ताजी शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यों ब्लांक घेतलेली बरी. अकलूजच्या फ्रातेल्लीच्या व्हाइट वाइनही बघा. मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून ती कंपनी काढली आणि तोस्कानाचे पिएरो मासी तिथले वाइनमेकर होते. महाराष्ट्रात काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे लेबलवरचं साल तेच असलं तरी इथली वाइन इटलीच्या वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते, ते हिशोबात धरा.